पाईनचं तेल आणि उसनं नाक

मालिशवाला कधी भरलेली बाटली आणत नसे. रिकामी घेऊन यायचा, भरलेली घेऊन जायचा, मध्ये चार गप्पा, एवढाच त्याचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र त्याने शेडमधल्या फळीवर ठेवलेली बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि तो नेहमीसारखं स्टूल ओढून बसलाही नाही.

"गळते का?" भट्टीवालीने विचारलं.

"नाही काकू. जरा वास घ्या."

तिने टोपण काढून बाटली नाकाखाली धरली. नाकातून थेट कपाळापर्यंत गार झिणझिणी गेली, डोळ्यांच्या कडा ओलावल्या. "काय वाईट आहे? छान झोंबतंय की."

"झोंबतंय ते मलाही कळतंय. वास कसला येतोय?"

"पाईनचा. आणखी कसला येणार, गुलाबाचा?"

मालिशवाला जरा घुटमळला. मग म्हणाला, "काल एका गिऱ्हाईकाच्या पाठीला लावलं. तो उठून बसला आणि विचारायला लागला, शेजारी कुठे आग लागलीय का. काकू, डोळे मिटा बघू."

तिने मिटले, जरा वैतागूनच. त्याने काहीतरी तिच्या नाकापुढे धरलं. तिने भरभरून श्वास घेतला. काहीच नव्हतं तिथे. गार नाही, ऊन नाही, ओलं नाही, सुकं नाही. डोळे उघडून पाहते तर त्याच्या हातात चुलाण्यातलं अर्धं जळून विझलेलं लाकूड.

तो गेल्यावर भट्टीवालीने शेडचं दार लावून घेतलं आणि सापडेल त्याला नाक लावत सुटली. रॉकेलचा डबा, साबणाची वडी, कोपऱ्यातला कुबट पोतेरा, मुलाचे कामावरचे बूट. कधी नव्हे ते त्या बुटांनीही तिला दगा दिला. तेव्हा कुठे तिला आपली चूक उमगली. महिन्याभरापूर्वी तिला तापाने गाठलं होतं. ताप उतरला, पण जेवणाची चव काही परतली नाही. तोंड अजून तापाचं आहे, येईल हळूहळू, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आणि शेडमध्ये आल्यावर तेल झोंबायचं, म्हणजे नाक ठणठणीत आहे. पाईनच्या तेलाची ही खोडच आहे. वास मेला तरी त्याचा गारवा नाकात शिरतो, जसा आल्याचा तिखटपणा जिभेला कळतो तसा. दुसरं कुठलं काम करणारी बाई असती तर तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ही मात्र महिनाभर झोंबण्यालाच वास समजून बसली होती.

भट्टीवाली ही मूळची काही भट्टीवाली नव्हे. तिचा नवरा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. पाईनचे सोट यायचे, त्यांच्या हिरव्या डहाळ्या छाटून मागच्या अंगाला ढीग पडायचा आणि वाळून जायचा. ते त्याला बघवेना. कुठल्याशा बंद पडलेल्या खानावळीतून तांब्याची थोरली हंडी त्याने आणली, तिला झाकण आणि नळी जोडून घेतली, नळीची वेटोळी गार पाण्याच्या पिंपात बुडवली आणि वखारीमागच्या शेडमध्ये भट्टी घातली. तळाशी पाणी, वर जाळी, जाळीवर सुयांसारख्या पानांचा चेपून भरलेला पाला. झाकणाच्या कडेला भिजवलेल्या पिठाचा लेप, वाफ निसटू नये म्हणून. खाली विस्तव. वाफ पाल्यातून वर चढते, तेल सोबत घेऊन नळीत शिरते, पिंपात गार होते आणि काचेच्या बरणीत ठिबकायला लागते. पाणी खाली, तेल वर. हंडीत एका वेळी मावेल तेवढ्याला ती दोघं घाणा म्हणायची. एवढा मोठा घाणा, आणि तेल बघाल तर जेमतेम वाटीभर.

लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, हा माणूस अंघोळ झाडावरच करून येतो की काय. पुढे त्या वासाची इतकी सवय झाली की तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं. मुलगा शाळेत असतानाच नवरा छातीच्या दुखण्याने गेला. दम लागायचा, तर हा गडी गरम पाण्यात आपल्याच तेलाचे थेंब टाकून वाफ घ्यायचा, छातीला चोळून घ्यायचा आणि मोकळं वाटतंय म्हणायचा. मोकळं वाटायचंही. डॉक्टरकडे गेला तो फार उशिरा. तेव्हापासून भट्टीवालीने तेल विकताना एक रीत धरली, ती कधी सोडली नाही. तेल काय करतं हे सांगायचं, आणि काय करत नाही हे त्याच दमात सांगायचं.

"सर्दीने नाक चोंदलं तर वाफेच्या पाण्यात दोन थेंब. डोळे मिटून. दम लागत असेल तर आधी डॉक्टर, मग माझ्याकडे."

"पाय दुखतात? साध्या तेलात मिसळून चोळा. नुसतं लावलंत तर कातडी लाल होईल आणि मला शिव्या घालाल."

"लोकरीच्या कपड्यांत बोळा ठेवा, कसर लांब राहते. फरशीच्या पाण्यात टाका, बुटाला चिकटलेलं डांबर पुसा. तान्ह्या मुलाच्या जवळपास नको. पोटात तर मुळीच घ्यायचं नाही."

लोक ऐकत, मान डोलवत, आणि घरी जाऊन मनाला येईल ते करत. एका बाईने कौतुकाने प्लास्टिकच्या नक्षीदार बाटलीत ओतून ठेवलं, तर ती बाटली मऊ पडून शिसवी कपाटाच्या डोक्यावर बसली आणि कपाटाचं पॉलिश घेऊन उठली. एक हिशेबनीस अंघोळीच्या टबात तेल टाकून ऐटीत बसले. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, हे ते विसरले. ज्या वेगाने बाहेर आले तो वेग त्यांनी नोकरीत कधी दाखवला नव्हता, असं त्यांची बायकोच सांगत फिरली. कुणी दोन वर्षांपूर्वीची उघडी बाटली घेऊन यायचं, अंगाला खाज सुटली म्हणून. त्याला ती सांगायची, उघडं राहिलेलं तेल शिळं होतं, ते फरशीला वापर, अंगाला नको.

हे सगळं तोंडपाठ होतं. पण भट्टी चालायची ती नाकावर. हंडी आतून दिसत नाही. पाणी किती उरलं, पाला शिजला की करपायला लागला, विस्तव कधी ओढायचा, हे ती दारात उभी राहून वासाने ओळखायची. हिरव्या सुईचा वास वाळक्या गवताकडे झुकला की पाणी घालायचं, एवढं साधं. म्हणून हंडीला पाणी बघायची काच नव्हती, भिंतीला घड्याळ नव्हतं. आणि म्हणूनच मागच्या घाण्याला बुडाचा पाला करपला, तेल जळकं उतरलं, तरी ती शेजारी बसून शेंगा सोलत राहिली.

मालिशवाल्याने वाईट मनाने नव्हे, पण मुलाच्या कानावर घातलं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, अडकलेल्या माणसांना सोडवायची सवय असलेला. त्याने आईलाही सोडवायचं ठरवलं.

"आई, पुरे आता. साबणवाल्याशी बोललोय मी. हंडी, नळी, पिंप, सगळं तो घेतोय. फरशी धुवायचं पाणी करतो ना तो, त्याला आपली हंडी पाहिजेच आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतोय."

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

भट्टीवालीने हातातलं ताट जरा जोरातच ठेवलं. "तुझे बाबा गेले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. मी म्हटलं, भट्टी म्हणजे मोठी चूल, आणि चूल मला पेटवता येते. तेव्हा तू एवढासा होतास, तू काही बोलला नाहीस. तेव्हाच बरा होतास."

"तेव्हा तुला वास येत होता." तो चिडला नव्हता, घाबरला होता. "शेड पेटली तरी तुला कळायचं नाही आई. तिथे लाकूड, तेल, विस्तव. मी बाराव्या मजल्यावर असेन, आणि इथे तू..."

धूर डोळ्यांना झोंबतो, एवढं म्हणून ती उठून गेली. पण रात्रभर ते वाक्य तिच्या उशाशी बसलं होतं. मुलगा खोटं बोलत नव्हता. मुलाने नेऊन दाखवलं त्या डॉक्टरांनीही खोटं सांगितलं नव्हतं, वास येईलही, नाहीही येणार. बाकीचे सगळे खरेच बोलत होते, आणि तरीही तिची हंडी टेम्पोत जाणार होती, हे काही तिच्या गळी उतरेना.

शनिवारी ती जिना चढून वर गेली. शेडच्या वरच्या खोलीत तिची नणंद राहायची, शिलाईवाली. लग्न केलं नाही, मशीन केलं, असं ती स्वतःच सांगायची. धुराडं तिच्या खिडकीजवळून जायचं, आणि त्या वासावरून दोघींची तीस वर्षं तोंडं वाजत होती.

"वन्सं," भट्टीवालीने उंबऱ्यातूनच विचारलं, "मागच्या घाण्याला खिडकी लावलीत का हो तुम्ही?"

"लावली. दुपारी." मशीन थांबलं नाही. "चांगला पांढरा झगा टांगला होता माझा, त्याला जळकट वास लागला असता. वरून ओरडले की तुला, बूड करपतंय म्हणून. तू म्हणालीस, वर बसून अक्कल पाजळू नका."

असं ती म्हणाली होती खरं. आता आठवलं. भट्टीवाली आत येऊन कापडांच्या गठ्ठ्यावर बसली. "मला वास येत नाही, वन्सं."

मशीन थांबलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आणि आज सांगतेस?"

"मुलाला मालिशवाल्याने सांगितलं. मालिशवाल्याला आपसूक कळलं. मी होऊन सांगितलं ते तुम्हालाच."

नणंदेने चष्मा काढून पुसला. "काय हवंय?"

"नाक. उद्यापुरतं."

"तीस वर्षं त्या वासाने डोकं उठवलंस माझं, आणि आता तोच घ्यायला खाली बोलावतेस?"

"घेताच तुम्ही तसाही. कोवळा पाला असला की म्हणता, आज गवत उकळतंय. विस्तव जास्त झाला की म्हणता, रंगाचं दुकान काढलंय. तीस वर्षांत एकदाही चुकला नाहीत. फक्त वरून ओरडायच्याऐवजी खाली येऊन ओरडा."

नणंदेने चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "माझ्यासाठी पाठीची खुर्ची ठेव," ती म्हणाली. "त्या स्टुलावर मी बसणार नाही."

रविवारी टेम्पो वखारीच्या फाटकातून मागे वळला तेव्हा धुराड्यातून सरळ धूर चालला होता. साबणवाला खाली उतरला. गोल, हसरा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. मागून मुलगा उतरला, आणि शेडच्या दारातच थबकला.

हंडीखाली विस्तव होता. झाकणाला पिठाचा ताजा लेप होता. नळीतून बरणीत थेंब पडत होते. आणि पाठीच्या खुर्चीत, मांडीवर शिवण घेऊन, आत्या बसली होती.

"आई, हे काय?"

"घाणा चढवलाय. न्या ना हंडी. उचला, हात भाजत नसतील तर."

टेम्पोवाला हसला, मग मुलाचं तोंड बघून थांबला. साबणवाला मात्र समजूतदारपणे म्हणाला, "असू द्या, असू द्या. थांबू आपण. गार व्हायला किती वेळ लागतो?"

"ते माझ्यावर आहे," भट्टीवाली म्हणाली.

ती सकाळपासून नवीनच शाळेत बसली होती. पाणी मापून घातलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. हंडीला कान लावून उकळीचा आवाज ऐकत होती. पाणी भरपूर असलं की आवाज जड, घुमल्यासारखा, कमी झालं की पातळ, खडखडता. लेपाला तडा जाऊन वाफ फुसफुसली ती तिने आधी ऐकली, मग पाहिली. तेलाचा थेंब बोटांत चोळून बघत होती. चांगलं तेल आधी गार लागतं, मग ऊन, आणि चिकट न होता उडून जातं. कागदावर टाकलेला थेंब वाळला की डाग उरता कामा नये. कान, बोटं, डोळे, सगळे कामाला लागले होते. तरी एक जागा रिकामीच राहायची. ती भरायला खुर्ची होती.

तिने बरणीतला चमचाभर नणंदेपुढे धरला. सगळे बघत होते. नणंदेने वास घेतला आणि मुळीच आढेवेढे न घेता म्हणाली, "वाईट आहे."

साबणवाल्याने सुस्कारा सोडला. मुलगा जमिनीकडे बघायला लागला.

"वाईट म्हणजे कसं?" भट्टीवालीचा आवाज जरासा चढला. कान म्हणत होता ठीक आहे, बोटं म्हणत होती ठीक आहे. "जळकं?"

"जळकं नाही. नुसतं टोचतंय. रंगाचं दुकान. पुढे येऊन भांडतं आणि मागे काहीच नाही."

भट्टीवालीने चमचा खाली ठेवला. रंगाचं दुकान म्हणजे विस्तव जास्त. मागे काही नाही म्हणजे तेलाचा जड, गोडसर भाग अजून उतरायचाच आहे. टेम्पो यायच्या आत बरणी भरलेली दिसावी म्हणून रागारागाने तिने लाकडं कोंबली होती. राग तिचा होता, पाला बिचारा शिजत होता. तिने वाकून दोन लाकडं बाहेर ओढली आणि वाळूत खुपसली. पिंपात गार पाणी ओतलं.

"झालं नाही अजून," ती म्हणाली. "उतरतंय."

"ताई, कशाला त्रास," साबणवाला म्हणाला. "आहे असं द्या, मी घेतो. फरशीच्या पाण्यात सगळं चालतं. मी लेबलवर पाईनचं शुद्ध तेल लिहितो, लोकांना तेवढंच बघायचं असतं."

"फरशीला चालेल. पण मग लेबलवर फरशीच लिहा. तेच कुणीतरी पोराच्या छातीला चोळेल, त्याला काय सांगाल?"

"अहो, इतकं कोण बघतं?"

"मी बघते."

बारीक विस्तवावर थेंब अंतर ठेवून पडायला लागले. टेम्पोवाला वखारीतल्या ओंडक्यावर आडवा झाला. साबणवाल्याने दोनदा घड्याळ पाहिलं. मुलगा शेडच्या चारही कोपऱ्यांत फिरून आला. कुठे वाळका पाला विस्तवाच्या जवळ आहे, वाळूची बादली कुठे आहे, हे तो बघत होता. आईने ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

उकळीचा आवाज पातळ व्हायला लागला तशी ती उठली, मापाने पाणी घातलं, पुन्हा कान लावला. आणखी बऱ्याच वेळाने तिने दुसरा चमचा नेला. नणंदेने सुई कापडात टोचून ठेवली, डोळे मिटले आणि या वेळी जरा वेळ घेतला.

"हं. हे रोजचं. डोकं उठवणारं."

साबणवाल्यानेही वाकून वास घेतला. माणूस धंद्यातला होता, खोटं बोलला नाही. "चांगलं आहे," तो म्हणाला. मग भट्टीवालीकडे वळून, अगदी आपुलकीने, "पण ताई, उद्या यांना सर्दी झाली तर? परवा या गावाला गेल्या तर? कुणाच्या तरी नाकावर धंदा किती दिवस चालवणार?"

प्रश्न काही वावगा नव्हता. मुलाच्या मनातलाच होता. तोही मान वर करून आईकडे बघायला लागला.

"यांना सर्दी झाली तर वखारीतला मुकादम वास घेईल. तो नसला तर मालिशवाला घेईल, नाहीतरी त्याने माझी अब्रू गावभर केलीच आहे. कुणीच नसलं तर त्या दिवशी भट्टी लागणार नाही. आणि घाणा फसला तर ओतून देईन. नाक होतं तेव्हाही फसायचे माझे घाणे, फक्त तेव्हा हंडी न्यायला कुणी टेम्पो आणत नव्हतं." ती थांबली. मग मुलाकडे बघून म्हणाली, "तुझ्या भीतीला मी नाही म्हणत नाही. एकटी असताना पेटवणार नाही, हा शब्द देते. पण हंडी देणार नाही."

"कशी नाही देणार? मी याला शब्द दिलाय," मुलगा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जोर राहिला नव्हता.

"तू तुझ्या मालकीचा शब्द दे."

खुर्चीतून आत्याने, शिवणीतून डोकं वर न करता, भाच्याला सुनावलं, "लिफ्ट तुझी, हंडी तिची. माणूस स्वतः बटण दाबत असताना तू मजल्यांच्या मध्ये कशाला अडकवतोस?"

टेम्पोवाल्याला हसू आवरलं नाही. साबणवाल्यालाही नाही, आणि तेवढ्यापुरता तो खरोखरच गोड दिसला. पण हातचं सोडायला तो तयार नव्हता. "गार होऊ द्या," तो म्हणाला, "मग शांतपणे बोलू."

भट्टीवालीने विस्तव ओढला. पिठाचा लेप सुरीने खरवडला, फडक्याने धरून झाकण उचललं. वाफेचा पांढरा लोट वर गेला. शिजलेला, काळपट हिरवा पाला दाताळ्याने ओढून तिने बाहेर टाकला. साबणवाला सरसावून उभा राहिला. आता रिकामी झाली, आता गार होईल, मग चौघांनी धरून उचलायची, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तिने मापाने पाणी ओतलं. जाळी बसवली. कोपऱ्यातल्या ढिगातून ताज्या डहाळ्या कवेत घेतल्या आणि हंडीत भरायला लागली. चेपत, दाबत, कडेकडेने, घाई न करता. सुया बोटांना टोचत होत्या. वास यायला हवा होता तिथे नुसता गारवा येत होता. त्याने तिचे डोळे भरले, ते तिने बाहीने पुसले आणि पुन्हा ढिगाकडे गेली.

"ताई, दुसरा घाणा?" साबणवाल्याने विचारलं.

"आणि तिसरा. पाला पुष्कळ आहे. तुम्ही थांबणार असाल तर चहा ठेवते."

मुलाने टेम्पोवाल्याला हाताने खूण केली, जा म्हणून, आणि साबणवाल्याला दाराशी नेऊन खालच्या आवाजात माफी मागितली. साबणवाल्याने पाय काढता घेतला. परत येऊन मुलाने वाळूची बादली उचलली आणि चुलाण्याच्या अगदी जवळ, आईच्या हाताशी आणून ठेवली.

"तिथे नको, पायात येते," ती म्हणाली.

त्याने ती वीतभर सरकवली. तिने पिठाचा गोळा हातावर घेतला, झाकणाच्या कडेने लांब वळकटी करून दाबत गेली, फिरून जिथून सुरुवात केली होती तिथे आली, आणि खाली वाकून काडी ओढली.